ब्लॉकचेन प्रकल्पासाठी डिस्कॉर्ड सर्व्हर: आधी परवानग्या, मग माणसं, सजावट सगळ्यात शेवटी

६ मे २०२२ रोजी ओपनसी या एनएफटींच्या (ब्लॉकचेनवर नोंदलेल्या डिजिटल वस्तूंच्या) बाजाराच्या अधिकृत सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या समूहावर, घोषणा झळकली: यूट्यूबबरोबर भागीदारी झाली आहे, मोफत एनएफटी मिंट करा (नवी बनवून घ्या). घोषणा चोरांनी टाकलेली होती. महिनाही उलटला नाही तोच, ४ जूनला, बोर्ड एप यॉट क्लब या एनएफटी संग्रहाच्या सर्व्हरवर एका कम्युनिटी मॅनेजरचं खातं चोरांच्या हाती लागलं आणि सुमारे २०० इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन) किमतीच्या एनएफटी लंपास झाल्या. दोन्ही वेळा इथेरियमला कुठे तडा गेला नव्हता. संदेश खऱ्या सर्व्हरवरच्या खऱ्या चॅनेलमध्ये आला आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, एवढंच घडलं.

ब्लॉकचेन प्रकल्पाचा चॅट समूह उभारताना हे पहिल्या मिनिटापासून डोक्यात हवं. गेमिंगच्या किंवा अभ्यासाच्या सर्व्हरवर कोणी चुकीची लिंक टाकली तर थोडा गोंधळ होतो. इथे प्रत्येक सदस्याचं वॉलेट (क्रिप्टोचं डिजिटल पाकीट) एका डिजिटल सहीच्या अंतरावर असतं आणि झालेला व्यवहार परत फिरत नाही. म्हणून चॅनेलांची नावं, इमोजी, बॅनर हे सगळं नंतर करा. घोषणा कोण करू शकतो, बॉटला (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला) काय करता येतं आणि नवख्या माणसाला काय दिसतं, या तीन गोष्टी आधी ठरवा.

जागा कोणती

टेलिग्रामवर गर्दी पटकन जमते. एका समूहात दोन लाख माणसं मावतात आणि भारतातल्या पुष्कळांच्या फोनवर ॲप आधीच असतं. पण तिथे भूमिका वेगळ्या करायला फार वाव नाही आणि प्रश्न वाहून जातात. टेलिग्राम एकतर्फी सूचनांसाठी ठेवा आणि खरं काम डिस्कॉर्डवर करा. इथेरियमच्या मूळ संशोधन-विकासाच्या चर्चाही डिस्कॉर्डवर चालतात. बिटकॉइन कोअर हे बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर बनवणारे लोक मात्र अजून आयआरसी ही जुनी मजकूर-चॅट वापरतात, २०२१ पासून लिबेरा चॅट या नेटवर्कवर. प्रकल्प निव्वळ विकासकांचा असेल आणि माणसं पन्नासच्या आत असतील, तर मॅट्रिक्स या खुल्या चॅट व्यवस्थेवरची एक खोली पुरते.

डिस्कॉर्डमधला मजकूर गूगलवर शोधून सापडत नाही. त्यामुळे ठराव, आवृत्त्यांचे बदल आणि कराराचे (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रामचे, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे) पत्ते गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर किंवा संकेतस्थळावर ठेवा आणि चॅटमध्ये फक्त त्यांचा दुवा द्या. हे सुरुवातीलाच केलं नाही तर सहा महिन्यांनी 'हे कुठे ठरलं होतं?' या प्रश्नाचं उत्तर कोणालाच सापडत नाही.

मालकाचं खातं

सर्व्हर ज्या खात्याने बनवला, ते खातं सर्वाधिकारी असतं. त्याचा ताबा कोणताही रोल (सदस्याला दिलेली भूमिका आणि तिच्या परवानग्या) काढून घेऊ शकत नाही. म्हणून रोज गप्पा मारायच्या खात्याने सर्व्हर बनवू नका. नवा ईमेल, नवं खातं, मोठा पासवर्ड आणि शक्य असेल तर हार्डवेअर सुरक्षा-किल्ली घ्या. बॅकअप कोड कागदावर लिहून दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. या खात्याने कधी बोलायचं नाही, कोणता डीएम (खासगी संदेश) उघडायचा नाही, दुसऱ्या कुठल्या सर्व्हरमध्ये शिरायचं नाही. सर्व्हर आधीच बनला असेल तर सर्व्हर सेटिंग्जमधून मालकी अशा खात्याकडे वळवता येते.

सर्व्हर बनल्यावर सेटिंग्जमध्ये 'एनेबल कम्युनिटी' चालू करा. त्याशिवाय घोषणा चॅनेल, ऑनबोर्डिंग (नवख्यांना वाट दाखवणाऱ्या पायऱ्या) आणि हल्ल्याच्या वेळची काही साधनं मिळत नाहीत. मग सेफ्टी सेटअपमध्ये मॉडरेशनसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची करा. ज्या मॉडच्या (समूहात शिस्त राखणाऱ्याच्या) खात्यावर दुहेरी पडताळणी नाही, त्याला त्यानंतर कोणाला काढता येत नाही किंवा इतरांचे संदेश पुसता येत नाहीत.

पडताळणीची पातळी 'हाय' ठेवा. नवा माणूस सर्व्हरवर आल्यावर १० मिनिटं थांबल्याशिवाय लिहू शकत नाही. 'हायेस्ट'ला फोन नंबर लागतो. ती पातळी हल्ल्याच्या दिवसासाठी राखून ठेवा, कारण एरवी त्यापायी बरीच चांगली माणसं दारातूनच परत जातात.

रोल किती आणि कोणते

डिस्कॉर्ड २५० रोल देतं. सुरुवातीला सहा पुरतात: एव्हरीवन, सदस्य, मदतनीस, मॉड, घोषक, बॉट. रंगीबेरंगी 'ओजी' आणि 'डायमंड हँड्स' असे नुसते मिरवायचे रोल लोकांना आवडतात. त्यांना परवानगी एकही न देता पुढे कधीही जोडता येईल.

एव्हरीवन म्हणजे आत्ताच आत आलेला अनोळखी माणूस. त्याच्याकडून पुढच्या गोष्टी काढा: एव्हरीवनला टॅग करणं, आमंत्रण बनवणं, टोपणनाव बदलणं, फाइल जोडणं, लिंकची झलक दाखवणं, थ्रेड उघडणं, बाहेरची ॲप्स वापरणं. चॅनेल पाहण्याची मूळ परवानगीसुद्धा काढा. त्याला फक्त स्वागत, नियम आणि अधिकृत-दुवे ही तीन चॅनेल दिसू द्या. बाकी सगळं 'सदस्य' रोल मिळाल्यावर उघडेल.

'ॲडमिनिस्ट्रेटर' ही परवानगी कोणत्याही रोलला देऊ नका. एखाद्या चॅनेलवर तुम्ही हजार बंधनं घातलीत तरी ती असलेल्याला एकही लागू होत नाही. मॉडला लागतं ते एवढंच: संदेश पुसणं, टाइमआउट देणं, काढणं, बंदी घालणं. 'मॅनेज वेबहुक्स', 'मॅनेज रोल्स' आणि 'मॅनेज चॅनेल्स' या तीन परवानग्या मॉडकडेसुद्धा नकोत (वेबहुक म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला चॅनेलमध्ये लिहू देणारा पत्ता).

घोषक हा रोल नीट समजून घ्या, कारण सगळा सर्व्हर यावर उभा आहे. घोषणा चॅनेलमध्ये लिहिण्याची परवानगी फक्त या रोलला असते आणि हा रोल कोणाकडेच कायम नसतो. घोषणा करायची वेळ आली की मालकाचं खातं उघडायचं, एका माणसाला घोषक करायचं, संदेश गेला की रोल काढून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे. कंटाळवाणं वाटतं, आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणतंच, 'राहू दे की रोल, रोज कशाला काढायचा?' राहू देऊ नका. रात्री तीन वाजता मॉडचं खातं गेलं तरी चोराला घोषणा करता येणार नाही, ती याच एका सवयीमुळे.

बॉटचा रोल कुठे बसतो

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. बॉट आपल्यापेक्षा खालच्या क्रमावरचेच रोल देऊ शकतो. पडताळणीचा बॉट आणला, बटण लावलं, लोक बटण दाबतायत आणि सदस्य रोल काही मिळत नाही, असं झालं तर दहापैकी नऊ वेळा बॉटचा रोल यादीत सदस्यच्या खाली पडलेला असतो. सेटिंग्जमधल्या रोल्सच्या यादीत त्याला धरून वर ओढा. पण सदस्यच्या लगेच वर थांबवा. मॉड आणि घोषक यांच्या वर नेलात, तर बॉट विकणाऱ्या कंपनीचं सर्व्हर फुटलं त्या दिवशी तुमचे मॉडही त्यांच्या हातात जातील.

बॉट जोडताना परवानग्यांची यादी समोर येते. बरेच बॉट सरळ ॲडमिनिस्ट्रेटर मागतात. टिकमार्क काढा आणि पुढे जा. पडताळणीच्या बॉटला फक्त 'मॅनेज रोल्स' लागतं, तिकीट बॉटला स्वतःच्या कॅटेगरीपुरतं 'मॅनेज चॅनेल्स'. तीनपेक्षा जास्त बॉट ठेवू नका: एक पडताळणीचा, एक तिकिटांचा (एकेका सदस्याशी मदतीसाठी खासगी चॅनेल उघडणारा) आणि टोकनधारकांना, म्हणजे प्रकल्पाचं डिजिटल नाणं बाळगणाऱ्यांना, वेगळा रोल द्यायचा असेल तर कोलॅबलँडसारखा तिसरा. शब्द गाळायला डिस्कॉर्डचा स्वतःचा ऑटोमॉड आहे, त्यासाठी बाहेरचा बॉट लागत नाही.

टोकन तपासणारा बॉट वॉलेटकडून फक्त संदेशावर सही मागतो. त्यात गॅस (व्यवहाराचं शुल्क) लागत नाही आणि टोकन हलवण्याची कोणतीही मंजुरी जात नाही. हे वाक्य त्या चॅनेलमध्ये पिन करून ठेवा, कारण नेमकी याचीच नक्कल होते: त्याच चित्राचा, त्याच नावाचा बॉट डीएममध्ये येतो, 'पुन्हा पडताळणी करा' म्हणतो आणि सहीऐवजी सगळ्या एनएफटींची मंजुरी मागतो. मुख्य बचत असलेलं वॉलेट कुठल्याही बॉटला जोडू नये, हेही तिथेच लिहा.

दुसरी नक्कल क्यूआर कोडची. खोटा पडताळणी बॉट डिस्कॉर्ड ॲपने क्यूआर स्कॅन करायला सांगतो. तो कोड लॉगिनचा असतो. स्कॅन करून होकार दिला की समोरचा माणूस तुमच्या खात्यात शिरतो, पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी दोन्ही ओलांडून. तिसरा प्रकार बुकमार्कचा: मुलाखत घेतो असं सांगणारा 'पत्रकार' एक बटण ब्राउझरच्या बुकमार्क पट्टीवर ओढायला लावतो. त्यात दडलेला कोड डिस्कॉर्ड खात्याचं लॉगिन टोकन (क्रिप्टोचं नव्हे) चोरतो. हे दोन सापळे मुख्यतः मॉड आणि संस्थापकांसाठी लावलेले असतात. मॉड नेमताना पहिल्याच दिवशी त्यांना हे दाखवा.

चॅनेल

बारा चॅनेल पुष्कळ झाली. रिकाम्या तीस चॅनेलांचा सर्व्हर ओसाड वाड्यासारखा दिसतो. नवा माणूस कुठे लिहायचं हेच न कळून निघून जातो.

माहिती या कॅटेगरीत स्वागत, नियम, घोषणा, अधिकृत-दुवे. चौकात गप्पा, मराठी, भाव-चर्चा. कामात मदत, विकास, गिटहब, फॉसेट. आणि मॉडसाठी एक बंद खोली. भावाची बडबड वेगळ्या चॅनेलमध्ये कोंडली नाही तर ती सगळीकडे पसरते. बाजार घसरल्या दिवशी मदतीचे प्रश्न त्यात बुडून जातात.

अधिकृत-दुवे हे चॅनेल जपा. त्यात संकेतस्थळ, दस्तऐवज, गिटहब, एक्स खातं आणि प्रत्येक नेटवर्कवरचा कराराचा पूर्ण पत्ता ठेवा. सुरुवातीचं शून्य-एक्स (0x) धरून ४२ अक्षरं, मधली गाळून तीन टिंबं न देता. पत्त्याच्या सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे बनावट पत्ते चोर मुद्दाम तयार करतात. अर्धा पत्ता छापलात तर त्यांचंच काम सोपं होतं.

मदत हे चॅनेल फोरम प्रकारचं करा. प्रत्येक प्रश्न वेगळा राहतो, शीर्षकाने शोधता येतो, सुटला की बंद होतो. टॅग सक्तीचे करा: वॉलेट, ब्रिज (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर टोकन नेणं), स्टेकिंग (टोकन गुंतवून ठेवणं), नोड (नेटवर्क चालवणारा संगणक), इतर. वीसपर्यंत टॅग बनवता येतात, पण पाचाच्या पुढे गेलात की लोक वाटेल तो लावतात.

गिटहबसाठी बॉट लागत नाही. चॅनेलच्या सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशन्समधून वेबहुक बनवा, त्याचा पत्ता घ्या, शेवटी तिरकी रेघ आणि रोमन लिपीत 'गिटहब' हा शब्द लहान अक्षरांत जोडा. तो पत्ता गिटहबच्या रेपॉझिटरीत वेबहुक्समध्ये टाका, कंटेंट टाइप जेसनचा निवडा. शेवटचा शब्द विसरलात तर गिटहबला चूक परत येते आणि चॅनेलमध्ये काहीच दिसत नाही. हा पत्ता पासवर्डसारखा जपा. ज्याच्या हाती तो जाईल, त्याला सर्व्हरचा सदस्य नसतानाही त्या चॅनेलमध्ये कोणत्याही नावाने लिहिता येतं.

फॉसेट, म्हणजे चाचणीचे फुकट टोकन मागायचं चॅनेल, फक्त विकासक असतील तरच. पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर बांधत असाल तर एक सूचना पिन करा: 'मुंबई' टेस्टनेट (चाचणीचं नेटवर्क) एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, आता 'अमॉय' वापरा. जुनी ट्युटोरियल पाहून येणारी मुलं अजून मुंबईचेच टोकन मागतात. मॅटिक या जुन्या नावाने २०१७ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या पॉलिगॉनच्या टेस्टनेटचं ते नाव, त्यामुळे आपल्याकडच्या नवशिक्यांच्या ते लक्षातही पक्कं राहतं.

मराठी चॅनेल उघडलंत तर त्याला मराठी वाचणारा मॉड द्या. इंग्रजी चॅनेलमध्ये पकडली जाणारी फसवी लिंक स्थानिक भाषेच्या चॅनेलमध्ये तासभर तशीच पडून राहते, कारण बघणाऱ्याला कळतच नाही काय लिहिलंय.

ऑटोमॉडमध्ये काय भरायचं

शब्दांचे सहा नियम करता येतात, प्रत्येकात हजार शब्द. एक नियम फसवणुकीच्या शब्दांचा: वॉलेट व्हॅलिडेट, वॉलेट सिंक, सीड फ्रेज पाठवा, सपोर्टशी डीएम करा. प्रत्येक शब्द तिन्ही रूपांत भरा: देवनागरी, रोमन लिपीतली मराठी आणि इंग्रजी. आपले लोक फोनवर सर्रास रोमनमध्ये टंकतात आणि चोरही तेच करतात. दुसरा नियम आमंत्रण दुव्यांचा: दुसऱ्या डिस्कॉर्डचं आणि टेलिग्रामचं आमंत्रण सदस्यांना टाकता येऊ नये.

तिसरा नियम खासगी किल्लीसाठी, म्हणजे वॉलेटचा पूर्ण ताबा देणाऱ्या गुप्त कोडसाठी. घाबरलेला माणूस मदत मागताना खासगी किल्लीच चिकटवतो, हे होतं. इथेरियमची खासगी किल्ली ६४ हेक्स अक्षरांची (० ते ९ आणि a ते f) असते आणि व्यवहाराच्या हॅशमध्येही (ओळखक्रमांकातही) शून्य-एक्सनंतर ६४ च हेक्स अक्षरं असतात. दोन्ही दिसायला सारखी. पण मेटामास्क या वॉलेटमधून काढलेल्या किल्लीपुढे शून्य-एक्स नसतं. म्हणून रेजेक्स (मजकूर ओळखायचा साचा) असा लिहा की शब्दाच्या सीमेपासून सीमेपर्यंत नेमकी ६४ हेक्स अक्षरं असतील तरच अडवेल. हॅशमधला एक्स ही सीमा मोडतो, त्यामुळे हॅश सुखरूप जातो. बिटकॉइनच्या प्रकल्पात हा नियम लावू नका, तिथे व्यवहाराचा क्रमांक शून्य-एक्सशिवायच लिहितात.

१२ किंवा २४ शब्दांची सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) मात्र असा नियम पकडू शकत नाही. ती दिसली तर मॉडने संदेश लगेच पुसायचा आणि त्या माणसाला एकच सांगायचं: नवं वॉलेट बनवा आणि सगळं आत्ता तिकडे हलवा. 'पुसलंय, आता काळजी नको' म्हणू नका. असे समूह वाचत बसलेले बॉट असतात, ते मॉडपेक्षा जलद असतात.

गप्पांच्या चॅनेलमध्ये स्लोमोड (एका माणसाच्या दोन संदेशांमधलं सक्तीचं अंतर) एरवी १० सेकंद ठेवा, मोठ्या घोषणेच्या दिवशी ६०.

मदत कशी करायची

समूहाची पत इथे ठरते. कोणीतरी लिहितं:

'दादा, काल संध्याकाळी ब्रिज केलं, अजून टोकन आले नाहीत.'

उत्तर असं हवं:

'नमस्कार. व्यवहाराचा हॅश इथेच टाका, शून्य-एक्सने सुरू होणारा, ६६ अक्षरांचा. वॉलेटमध्ये ॲक्टिव्हिटीत त्या व्यवहारावर टॅप केलंत की दिसेल. कोणत्या नेटवर्कवरून कोणत्या नेटवर्कवर पाठवलंत तेही सांगा. मध्येच कोणी डीएम केला तर उत्तर देऊ नका. आमच्यापैकी कोणीही आधी डीएम करत नाही.'

शेवटची दोन वाक्यं दर वेळी लिहायची, कंटाळा आला तरी. मदत मागणारी पोस्ट पडल्यापासून काही मिनिटांत मॉडचं नाव आणि फोटो लावलेलं कोणीतरी त्या माणसाला डीएम करतं. २०२३ पासून डिस्कॉर्डवर वापरकर्तानाव एकमेव असतं, पण वर दिसणारं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. त्यामुळे मॉडची खरी वापरकर्तानावं नियमांच्या चॅनेलमध्ये छापा आणि फरक कुठे असतो तेही दाखवा: एक जादा टिंब, एक जादा अधोरेघ, किंवा लहान 'एल'च्या जागी आकडा १.

हॅश मिळाला की एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) चार शक्यता असतात. हॅश सापडतच नाही: व्यवहार बाहेर पडलाच नाही किंवा तुम्ही चुकीच्या नेटवर्कचा एक्सप्लोरर उघडला आहे. प्रलंबित आहे: गॅसची किंमत कमी पडली. त्याच नॉन्सने (व्यवहाराच्या अनुक्रमांकाने), किमान १० टक्के जास्त शुल्क देऊन पुन्हा पाठवायचा, वॉलेटमधलं 'स्पीड अप' तेच करतं. फसला: बहुधा गॅसची मर्यादा संपली किंवा कराराने नकार दिला. टोकन जागेवरच असतात, फक्त गॅस गेलेला असतो. यशस्वी झाला पण टोकन दिसत नाहीत: वॉलेटला तो टोकन माहीत नाही. अधिकृत-दुव्यांतला कराराचा पत्ता घालून इम्पोर्ट करायला सांगा, आणि वॉलेट योग्य नेटवर्कवर आहे ना ते बघायला सांगा.

ब्रिजचं एक वेगळं आहे. आर्बिट्रम किंवा ऑप्टिमिझम या रोलअपवरून (इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या नेटवर्कवरून) अधिकृत ब्रिजने इथेरियमवर परत यायला सुमारे सात दिवस लागतात. रोलअपवर आक्षेप घेण्याची ती मुदत असते. आणि मुदत संपल्यावर पैसे आपोआप येत नाहीत, परत जाऊन एक दावा-व्यवहार करावा लागतो. 'पैसे अडकले' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण याच टप्प्यावर थांबलेले असतात. हे उत्तर फोरममध्ये एकदा सविस्तर लिहून पिन करा.

एखाद्याच्या वॉलेटमधली शिल्लक किंवा स्क्रीनशॉट लागणार असेल तर तिकीट उघडा. तिकिटातही आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचा फोटो मागू नका. ती कागदपत्रं डिस्कॉर्डवर साठवण्याची गरज कोणत्याही प्रकल्पाला पडत नाही.

कराचा प्रश्न मराठी चॅनेलवर हमखास येतो. नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस, दोन्ही २०२२ मध्ये लागू झाले. एवढं सांगून सीएकडे पाठवा. टोकनची जाहिरात कोणा इन्फ्लुएन्सरकडून करून घेत असाल तर एएससीआय या जाहिरात मानक परिषदेच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या मार्गदर्शक सूचना पाळा: क्रिप्टो उत्पादनं अनियंत्रित आहेत, त्यात मोठी जोखीम आहे आणि नुकसान झालं तर नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही, हा इशारा ठळक द्यावा लागतो.

दार आणि आमंत्रण

डिस्कॉर्डचं साधं आमंत्रण सात दिवसांत संपतं. न संपणारं एकच आमंत्रण बनवा, स्वागत चॅनेलमधून, आणि ते थेट कुठेही छापू नका. तुमच्या संकेतस्थळावर एक पत्ता करा जो त्या आमंत्रणाकडे वळतो, आणि सगळीकडे तोच द्या. आमंत्रण बदलायची वेळ आली तर एकाच जागी बदलावं लागेल.

स्वतःच्या नावाचा देखणा दुवा तिसऱ्या पातळीच्या बूस्टला (सदस्यांनी पैसे भरून सर्व्हरला दिलेल्या बढतीला) मिळतो, १४ बूस्ट लागतात. बूस्ट संपले की तो दुवा सुटतो आणि दुसऱ्या कोणालाही घेता येतो. तुमच्या जुन्या व्हिडिओंखाली, लेखांमध्ये तो छापलेला असतो आणि त्यावर टिचकी मारणारा माणूस चोराच्या सर्व्हरवर पोहोचतो. बूस्ट कायम राहतील याची खात्री नसेल तर तो घेऊच नका.

'दहा जणांना आणा, टोकन मिळवा' अशी स्पर्धा लावू नका. आठवड्यात दहा हजार खाती येतील आणि त्यांतली बहुतेक कधी बोलणार नाहीत. सदस्यांचा आकडा बघण्यापेक्षा रोज एक गोष्ट बघा: २४ तासांपेक्षा जुने, उत्तर न मिळालेले किती प्रश्न मदतीत पडले आहेत. तो आकडा शून्याजवळ असेल तर समूह जिवंत आहे.

स्वागत चॅनेलमध्ये पहिली पायरी ही ठेवा: सर्व्हरच्या नावावर टॅप करा, प्रायव्हसी सेटिंग्ज उघडा, डायरेक्ट मेसेज बंद करा. नियमांत पहिलं वाक्य हे: 'आम्ही अचानक मिंट किंवा एअरड्रॉप (टोकनचं मोफत वाटप) जाहीर करत नाही. प्रत्येक तारीख किमान ४८ तास आधी संकेतस्थळावर असते.' आणि ते खरोखर पाळा. 'मर्यादित, लगेच, फक्त एक तास' ही घाई चोराचं मुख्य हत्यार असते. जो समूह घाई करतच नाही असं सदस्यांना पाठ झालंय, तिथे ते चालत नाही.

सर्व्हर चोरांच्या हाती गेला तर

हल्ला बहुधा तुमची झोपेची वेळ बघून होतो. मॉड चार तरी हवेत आणि निदान एक जण अशा देशात हवा जिथे तेव्हा दिवस असतो. न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणारा मराठी माणूस या कामी सोन्यासारखा.

क्रम हा ठेवा आणि कागदावर छापून ठेवा. ज्या खात्यावरून संदेश आला, त्याचे सगळे रोल मालकाच्या खात्याने काढा. सिक्युरिटी ॲक्शन्समधून आमंत्रणं आणि डीएम थांबवा, ते २४ तासांपर्यंत थांबवता येतात. मग इंटिग्रेशन्समध्ये जाऊन ओळखीचा नसलेला प्रत्येक वेबहुक आणि बॉट उडवा. ही पायरी गडबडीत राहते आणि मग चोर पुन्हा येतो: मॉडने पासवर्ड बदलला की चोरलेलं सत्र मरतं, पण चोराने बनवलेला वेबहुक मरत नाही. त्यानंतर खोट्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक लिहून ठेवा आणि संदेश पुसा. लगेच संकेतस्थळावर, एक्सवर आणि टेलिग्रामवर लिहा. डिस्कॉर्डवर टाकलेल्या स्पष्टीकरणावर त्या क्षणी कोणी विश्वास ठेवू नये, हेही त्यातच सांगा.

ज्यांनी सही केली, त्यांना मंजुऱ्या रद्द करायला पाठवा: रिव्होक कॅश ही साइट किंवा इथरस्कॅन या एक्सप्लोररचं टोकन अप्रूव्हल पान. पत्ता स्वतः टाइप करायला सांगा, कारण अशा वेळी या साइट्सच्याही नकला फिरतात. सीड फ्रेजच दिली असेल तर मंजुरी रद्द करून उपयोग नाही, नवं वॉलेट बनवणं हाच मार्ग. भारतातल्या लोकांनी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी, जवळ व्यवहाराचा हॅश आणि चोराचा पत्ता ठेवावा. फसवी साइट मेटामास्कच्या गिटहबवरच्या फिशिंग यादीत आणि गूगल सेफ ब्राउझिंगकडे कळवा. त्यानंतर उघडणाऱ्या पुष्कळ जणांना लाल इशारा दिसेल.

ऑडिट लॉग (सर्व्हरवर कोणी काय बदललं याची नोंद) ४५ दिवसांचाच राहतो. तो त्याच दिवशी वाचून, कोणी कोणता रोल कधी दिला आणि कोणता वेबहुक कधी बनला हे लिहून काढा. चोर कधीकधी आठवडाभर आधी शिरून एखादा रोल पेरून ठेवतो.

महिन्यातून एकदा

पहिल्या रविवारी अर्धा तास काढा. काम सोडलेल्या मॉडचे रोल काढलेत ना बघा, खरं तर ते त्याच दिवशी काढायला हवेत. वेबहुकची यादी वाचा, वापरात नसलेला बॉट काढा. अधिकृत-दुव्यांतला प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहा. मग 'व्ह्यू सर्व्हर ॲज रोल' वापरून एव्हरीवन म्हणून सर्व्हर बघा, आणि एका नव्या खात्याने, फोनवरून, संकेतस्थळावरच्या दुव्याने आत या. स्वागत, नियम आणि अधिकृत-दुवे यांच्याशिवाय चौथं चॅनेल दिसलं, तर मधल्या काळात कोणीतरी कुठेतरी परवानगी बदलली आहे. ऑडिट लॉग उघडून ते कोण आणि का, हे त्याच बैठकीत शोधा.